शेपटी कुणाबरोबर फिरते?

“मॅडम, मशीन बिघडलंय.”

हे वाक्य आधी खोलीत शिरतं, विद्यार्थी मागून येतो. मायक्रोस्कोपच्या खोलीची जबाबदारी माझ्याकडे नवीनच आली होती तेव्हा ते ऐकलं की पोटात गोळा यायचा. कोटभर रुपयांचं यंत्र, आणि किल्ली आपल्या हातात. मी लगेच सर्व्हिस इंजिनिअरचा नंबर शोधायला लागायचे. आमच्याकडे निवृत्तीला टेकलेले एक तंत्रज्ञ होते. त्यांना सगळे काका म्हणत. काका मला हातानेच थांबवायचे, उठायचे, स्टेजवरची स्लाइड उचलून ट्यूबलाइटकडे तिरकी धरायचे आणि उलटी करून परत ठेवायचे. “बघ आता.” चित्र लख्ख.

स्लाइड पालथी ठेवलेली असायची, एवढंच. आमचा मायक्रोस्कोप इन्व्हर्टेड, म्हणजे भिंग खाली आणि नमुना वर. त्यावर कव्हरस्लिपची बाजू खाली यायला हवी. कॉलेजात साध्या मायक्रोस्कोपवर हात बसलेला विद्यार्थी सवयीने ती वर ठेवतो. मग पेशी आणि भिंग यांच्यामध्ये ०.१७ मिलिमीटरच्या पातळ काचेऐवजी एक मिलिमीटर जाडीची काचपट्टी येते. २० एक्सच्या भिंगाने फोकस लागल्यासारखा वाटतो, पण पेशी धुक्यात उभी असल्यासारखी दिसते. यंत्राला काहीही झालेलं नसतं.

काकांनी एक नोंदवही ठेवली होती. तीन रकाने: तक्रार, खरं कारण, लागलेला वेळ. ते निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे आली आणि मी ती पुढे चालू ठेवली. हे पुस्तक त्या वहीतून निघालं आहे. पहिल्या रकान्यात पानोपानी एकच वाक्य आहे, “फोकस नीट लागत नाही”. दुसऱ्या रकान्यात मात्र तेल, काच, चिकटद्रव्य, तापमान, उलटी स्लाइड, वाकडी स्लाइड, कोरड्या भिंगाला लागलेलं तेल अशी कारणं येत राहतात. ही वही सलग वाचली तेव्हा एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आणि पुस्तकभर मी तीच वेगवेगळ्या तऱ्हेने सांगणार आहे. फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपमधल्या बहुतेक प्रकाशीय दोषांचं घर यंत्राच्या पोटात नसतं. ते असतं भिंगाच्या टोकापासून पेशीपर्यंतच्या अर्ध्या मिलिमीटरात. आणि हे अर्धं मिलिमीटर कारखान्यातून येत नाही. ते दर वेळी आपण आपल्या हाताने बांधतो.

या दोषांना मराठीत ‘विपथन’ म्हणतात. हा पाठ्यपुस्तकी शब्द मला चक्क आवडतो. वाट सोडून जाणं, हा त्याचा सरळ अर्थ. एका बिंदूतून निघालेले किरण भिंगातून जाऊन पुन्हा एका बिंदूत भेटायला हवेत. काही आडवाटेला लागतात, लवकर किंवा उशिरा पोचतात, आणि भेट ठरल्या जागी होत नाही. प्रयोगशाळेत मात्र सगळे ‘ॲबरेशन’ म्हणतात, आणि पुस्तकात दोन्ही शब्द आलेत. शुद्धीसाठी मी कुणाशी भांडलेली नाही.

मुळात बिंदूची प्रतिमा बिंदू नसतेच, अगदी निर्दोष भिंगातही. प्रकाश ही लाट असल्याने प्रतिमेत एक छोटी चकती आणि तिच्याभोवती फिकट होत जाणारी वलयं उमटतात. इंग्लंडच्या जॉर्ज बिडेल एअरीने १८३५ साली या चकतीचं गणित मांडलं. गंमत अशी की एअरीचा स्वतःचा डावा डोळा सदोष होता. त्या डोळ्याला ताऱ्याचा ठिपका रेघेसारखा ओढलेला दिसायचा. हाच अॅस्टिग्मॅटिझम. त्याने तो नीट मोजला आणि १८२० च्या दशकात स्वतःसाठी दंडगोलाकार भिंगाचा चष्मा करून घेतला. ठिपका कसा बिघडलाय ते बघायचं, त्यावरून बिघाड कुठे आहे ते ओळखायचं आणि मग उलट्या बाजूने तेवढीच दुरुस्ती करायची. या पुस्तकातली सगळी पद्धत एवढीच आहे. दोनशे वर्षांत फक्त आकडे बदलले.

ते आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५२० नॅनोमीटर धरली आणि १.४ न्यूमेरिकल अपर्चरचं (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं हे माप) उत्तम तेलभिंग घेतलं, तर चकतीची त्रिज्या सुमारे २२५ नॅनोमीटर येते. म्हणजे मिलिमीटरचा साधारण साडेचार हजारावा भाग. उभ्या दिशेने, म्हणजे भिंगाच्या अक्षावर, तोच ठिपका दोन-तीन पट लांबट असतो. भिंग उत्तम असलं तरी पेशीतला प्रत्येक रेणू आपल्याला छोट्या तांदळाच्या दाण्यासारखा दिसतो. विपथन म्हणजे हा दाणा पसरून विस्कटणं.

फ्लुओरेसन्समध्ये हे इतकं का झोंबतं? साध्या मायक्रोस्कोपखाली रंगवलेला ऊतीचा काप बघताना पार्श्वभूमी उजेडाची असते. तिथे थोडं धूसर झालं तरी डोळा सांभाळून घेतो. फ्लुओरेसन्समध्ये पार्श्वभूमी काळी असते आणि प्रत्येक रंगरेणू हा स्वतः एक दिवा असतो. त्या दिव्यातून येणारा प्रकाश अगदी मोजका. ठिपका पसरला की त्याचा मधला भाग फिका पडतो. विद्यार्थ्याला वाटतं, सिग्नल कमी आहे. तो लेसरची शक्ती वाढवतो. रंगरेणू भराभर विझायला लागतात, जिवंत पेशी असेल तर ती कोमेजते. मग तो अँटिबॉडी दुप्पट घालतो आणि पार्श्वभूमी उजळते. आठवड्यानंतर तो म्हणतो की अँटिबॉडी खराब आली. कंपनीला कडक ईमेल जातो. आणि मुळात काय, तर कव्हरस्लिप चुकीच्या जाडीची होती. ही साखळी मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता कुणी “सिग्नल कमी आहे” म्हटलं की मी आधी कव्हरस्लिपची डबी मागते.

भिंगं अशी का वागतात हे कळायला थोडा इतिहास लागतो. काचेच्या एकाच गोलाकार भिंगात दोन खोडी असतात. कडेने येणारे किरण मधल्या किरणांपेक्षा जास्त वळतात आणि अलीकडेच भेटतात. हे गोलीय विपथन. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वळतो, हे वर्णविपथन. दुसऱ्या खोडीवर लंडनमध्ये चेस्टर मूर हॉलने १७३० च्या दशकात दोन वेगळ्या काचा जोडून तोडगा काढला, आणि जॉन डॉलंडने १७५८ साली त्याचं पेटंट घेतलं. मायक्रोस्कोपसाठी पहिल्या खोडीवर खरं काम केलं ते जोसेफ जॅक्सन लिस्टर नावाच्या वाइनच्या व्यापाऱ्याने, १८३० साली. शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायला शिकवणाऱ्या सर्जन लिस्टरचा हा बाप. भिंगांच्या जोड्या ठरावीक अंतरावर ठेवल्या तर एकीची चूक दुसरी वाढवत नाही, हे त्याने दाखवलं. पुढे लुडविग फॉन झायडेलने या दोषांची पद्धतशीर मांडणी केली. एकाच रंगाच्या प्रकाशातले पाच दोष आजही त्याच्या नावाने ओळखले जातात. त्यांतले गोलीय विपथन, कोमा आणि अॅस्टिग्मॅटिझम हे तीन आपल्याला रोज भेटतात. प्रतिमेच्या पातळीचं वळणं आणि आकाराचं वेडंवाकडं होणं हे उरलेले दोन सहसा भिंगाच्या किमतीवर ठरतात, आणि त्यांवर आपण फारसं काही करू शकत नाही.

पण सगळ्यांत महत्त्वाचं वळण आलं ते जर्मनीतल्या येना गावात. कार्ल झाइसच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या अर्न्स्ट आबेने १८७३ साली दाखवून दिलं की भिंग किती बारीक बघू शकेल हे त्याच्या वर्धनावर ठरत नाही. ते किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्यावर ठरतं. मग कोन वाढवायचा कसा? काचेतून हवेत येताना तिरका प्रकाश वळतो, आणि फार तिरका असला तर बाहेरच पडत नाही. पुढच्या पाच-सहा वर्षांत उत्तर आलं: काच आणि भिंग यांच्यामध्ये काचेइतक्याच अपवर्तनांकाचं तेल भरा. प्रकाशाला वाटेत सीमा ओलांडल्याचं कळणारच नाही. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला तो याच तेलभिंगांच्या जमान्यात. आबेने ओटो शॉटबरोबर नव्या काचा घडवल्या, त्यांत फ्लुओराइट नावाचं खनिज जोडलं आणि १८८६ साली तीन रंगांना एकत्र आणणारं अपोक्रोमॅट भिंग बाजारात आलं. आजही महागड्या भिंगावर कोरलेल्या ‘अपो’ या अक्षरांचं कूळ तेच.

एवढं सगळं करून भिंगवाल्यांनी आपल्या बाजूचं काम चोख केलं. पण ते करताना त्यांनी एक गृहीत धरलं. भिंगापुढे बरोबर ०.१७ मिलिमीटर जाडीची, ठरलेल्या अपवर्तनांकाची काच असेल आणि नमुना तिला चिकटून असेल. भिंगाच्या अंगावर अनंताची आडवी आठ आणि तिच्यापुढे ०.१७ कोरलेलं असतं ते याचसाठी. त्या ०.१७ चं गोलीय विपथन भिंगाच्या आतच उलट्या दिशेने भरून ठेवलेलं असतं. काच जाड निघाली, पातळ निघाली किंवा नसलीच, तर ही आत भरलेली दुरुस्ती स्वतःच दोष होते. नीट बघणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा चष्मा घातल्यासारखं.

आपल्या जिल्ह्याच्या क्षयरोग केंद्रांमध्ये थुंकीची स्लाइड ऑरामाइनने रंगवून एलईडीच्या फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली बघतात, आणि त्या स्लाइडवर बहुधा कव्हरस्लिप नसते. तिथलं ४० एक्सचं भिंग ०.१७ साठी घडवलेलं असेल, तर जंतू थोडे फुगलेले आणि फिके दिसतात. ०.६५ अपर्चरला हे चालून जातं. अनुभवी तंत्रज्ञ बरोबर मोजतात. पण नवीन माणसाचे डोळे का ताणले जातात, त्याचं एक कारण यात आहे. २० एक्सच्या भिंगाला मात्र फारसा फरक पडत नाही. अपर्चर जितकं मोठं, तितकी काचेची चूक महाग. ०.९५ च्या कोरड्या भिंगाला तर शतांश मिलिमीटरही जाणवतो.

बाजारात कव्हरस्लिपच्या डब्यांवर नंबर असतात. आपल्याला हवा तो दीड नंबर. साध्या दीड नंबरची जाडी ०.१६ ते ०.१९ पर्यंत कुठेही असू शकते. एक नंबर पातळ असतो, ०.१३ ते ०.१६, आणि खरेदी विभागाला तो स्वस्त पडतो. दीड नंबरमध्येच अचूक जाडीची, पाच मायक्रॉनच्या आत राहणारी जात मिळते. ती महाग असते, पण ज्या मोजमापावर प्रबंध उभा राहणार आहे त्याखाली तीच घालावी. एकदा मायक्रोमीटर स्क्रूगेज घेऊन डबीतल्या वीस कव्हरस्लिप मोजून बघा. मी मोजल्या होत्या, आणि त्यानंतर एक नंबरच्या डब्या आमच्या कपाटात दिसल्या नाहीत.

काचेनंतर तेल. तेलाचा अपवर्तनांक १.५१८ असा बाटलीवर छापलेला असतो, आणि त्याशेजारी बारीक अक्षरांत २३ अंश सेल्सिअस. तो तापमानाबरोबर उतरतो, दर अंशाला सुमारे ०.०००४. जिवंत पेशींसाठी स्टेज ३७ अंशांवर ठेवली की तेलाचा अपवर्तनांक १.५१२ च्या आसपास येतो. आकडा क्षुल्लक दिसतो, पण १.४ अपर्चरच्या भिंगाला तो पुरेसा खटकतो. म्हणून ३७ अंशांसाठी वेगळं तेल मिळतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी एसी बंद पडला तर वेगळं काही न करता हा प्रयोग आपोआप होतो. दोन कंपन्यांची तेलं एकमेकांत मिसळली तर कधीकधी ढगाळतात. आधीचं पूर्ण पुसल्याशिवाय दुसरं घालू नये. तेलात बुडबुडा अडकला तर ठिपक्यांना काटे फुटतात. आणि कुणीतरी तेल न पुसता शेजारच्या ४० एक्सच्या कोरड्या भिंगाकडे वळला, तर त्या भिंगावर तेलाचा पातळ थर बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी येणारा बिचारा “मशीन बिघडलंय” म्हणतो. काकांचा उपाय: आयपीस काढायचा, उलटा धरायचा, तोच भिंगाचं टोक बघायचा मॅग्निफायर. भिंगाचं टोक तेलकट आहे का, ते एका नजरेत कळतं.

याच जागी एक इशारा द्यायला हवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते. आयपीसमधून जाळीदार धागे दिसतात किंवा सगळं दुधाळ होतं. हे विपथन नव्हे; यात किरण वाट चुकत नाहीत, विखुरतात. त्यावर पुस्तकातला एकही उपाय चालणार नाही. सिलिका जेल, कोरडं कपाट आणि तज्ज्ञाचा हात, एवढंच.

तेलानंतर येतो तो खरा चोर, माउंटिंग मीडियम आणि नमुना स्वतः. पेशी कव्हरस्लिपवर वाढवल्या आणि ती पालथी घालून स्लाइडला चिकटवली, तर पेशी काचेला लागूनच असतात आणि सगळं ठीक असतं. पण पेशी स्लाइडवर वाढवल्या आणि वरून कव्हरस्लिप टाकली, तर मध्ये माध्यमाचा थर येतो. माध्यम पाण्यासारखं असेल तर त्याचा अपवर्तनांक १.३३, ग्लिसरॉलचं असेल तर १.४५ ते १.४७. तेल आणि काच १.५२ च्या बाजूला. तेलभिंग ज्या अखंड माध्यमाच्या भरवशावर बनलं, ते नमुन्याच्या उंबरठ्यावर तुटतं. पहिल्या एक-दोन मायक्रॉनांत काही जाणवत नाही. दहा-पंधरा मायक्रॉन आत गेलात की ठिपके खालच्या बाजूला लांबट होत जातात, उजेड कमी होतो. झेब्राफिशच्या भ्रूणात पन्नास मायक्रॉन खोल गेलात तर आधीचा सगळा खर्च वाया.

इथे एक गोष्ट सगळ्यांना चकवते. स्टेज दहा मायक्रॉन सरकवली म्हणजे फोकस दहा मायक्रॉन सरकला, असं आपण समजतो. तेलभिंगाने पाण्यात बघताना तो त्याहून कमी सरकतो, साडेआठ मायक्रॉनांच्या आसपास किंवा आणखी कमी. विहिरीचा तळ वर आलेला दिसतो त्याच नियमाने. सॉफ्टवेअरला हे माहीत नसतं. ते दहाच्या हिशेबाने थर रचतं आणि गोल पेशी उभट दिसते. “औषधाने पेशी उभ्या दिशेने फुगल्या” असा निष्कर्ष एका प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात होता. औषध न दिलेल्या पेशीही तेवढ्याच उभट दिसत होत्या, हे कुणी मोजलं नव्हतं.

मग काय करायचं? पाणभिंग वापरायचं. त्याचं अपर्चर १.२ असतं, म्हणजे कागदावर १.४ च्या तेलभिंगापेक्षा कमी. पण पाणीदार नमुन्यात तीस मायक्रॉन आत १.२ वालंच जिंकतं. विद्यार्थ्यांना हे पटवणं कठीण जातं, कारण मोठा आकडा सगळ्यांना हवासा वाटतो. शिवाय अशा भिंगांना एक कडी असते, करेक्शन कॉलर. ती फिरवली की आतली भिंगं पुढेमागे सरकतात आणि गोलीय विपथनाची मात्रा बदलते. कॉलरवर जाडीचे आकडे कोरलेले असतात, पण त्यांवर विसंबू नये; काच किती जाड आहे तेवढंच त्यांना कळतं, माध्यमाबद्दल नाही. एखादा लहान तेजस्वी ठिपका निवडावा, कॉलर थोडी फिरवावी, फोकस परत लावावा, पुन्हा फिरवावी. ठिपका सर्वांत छोटा आणि तेजस्वी दिसेल तिथे थांबावं. पहिल्यांदा वीस मिनिटं लागतात, सवय झाल्यावर दोन. आमच्याकडे चार वर्षं जुन्या एका भिंगाची कॉलर नवी होती तशी घट्ट होती. कुणी तिला हातच लावला नव्हता.

आता मण्यांबद्दल. पुस्तकाचा कणा तोच आहे.

फ्लुओरेसन्ट मणी म्हणजे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे, आत रंग भरलेले. १०० नॅनोमीटरचा मणी विभेदनाच्या मर्यादेहून लहान, म्हणून तो आपल्यासाठी एक बिंदू. दुर्बिणीवाले ताऱ्याकडे बघून आरसा तपासतात, तसं आपण मण्याकडे बघून मायक्रोस्कोप तपासतो. ठिपका बरोबर फोकसमध्ये असताना फारसं बोलत नाही. बोलतो तो फोकसच्या थोडा वर आणि थोडा खाली. दोन्हीकडे सारखीच वलयं दिसली तर सगळं ठीक. एका बाजूला ठळक वलयं आणि दुसऱ्या बाजूला नुसता धुरकट फुगा दिसला तर गोलीय विपथन; कव्हरस्लिप, तेल किंवा माध्यम तपासा. ठिपका एका बाजूला धूमकेतूसारखा ओढला गेला तर कोमा. वर आडवा लांबट आणि खाली उभा लांबट दिसला तर अॅस्टिग्मॅटिझम, एअरीच्या डाव्या डोळ्याचा रोग.

दोष कुठला ते कळलं. आता आला कुठून? यासाठी काकांनी शिकवलेली युक्ती मला सगळ्या उपकरणशास्त्रापेक्षा मोठी वाटते. धूमकेतूची शेपटी कुणाबरोबर फिरते ते बघायचं. स्लाइड ९० अंशांत फिरवा. शेपटीही फिरली तर दोष स्लाइडमध्ये. बहुधा कव्हरस्लिप एका बाजूने उचललेली आहे, नेलपॉलिश एकीकडे जाड लागलंय. शेपटी जागची हलली नाही तर स्लाइड निर्दोष. मग भिंग सैल करून अर्धा फेरा फिरवा. शेपटी फिरली तर भिंग. बहुधा कुणीतरी आपटलेलं. तीही नाही फिरली, तर दोष पुढे. कॅमेरा फिरवून शेवटचा निवाडा. या तीन फिरवण्यांत बहुतेक खटले निकाली निघतात, आणि सर्व्हिस इंजिनिअरला फोन केला तरी तो येऊन हेच करतो.

एकदा मी स्वतः एका मण्याने गंडले. प्रत्येक ठिपका दुहेरी, जुळ्या भावंडांसारखा. स्लाइड फिरवली, काही नाही. भिंग फिरवलं, काही नाही. मी गंभीर चेहऱ्याने डायक्रोइक आरसा वाकलाय असा निष्कर्ष काढला आणि इंजिनिअरला बोलावलं. आदल्या दिवशी कुणीतरी डीआयसी पद्धतीने पेशी बघितल्या होत्या आणि त्यासाठी लागणारं प्रिझम मार्गातून काढायचं राहिलं होतं. ते प्रिझम प्रकाशाचे दोन भाग करतं, तेच त्याचं काम. नोंदवहीच्या तिसऱ्या रकान्यात मी ‘दोन दिवस’ असं प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

मण्यांचं दुसरं काम रंगांचं. चार रंग भरलेले मणी मिळतात; एकच मणी निळ्या, हिरव्या, नारिंगी आणि गडद लाल रंगात दिसतो. चारही रंगांत तो एकाच जागी दिसायला हवा. दिसत नाही. उत्तम अपोक्रोमॅटमध्येही निळा आणि गडद लाल यांच्या पातळ्यांत उभ्या दिशेने अंतर असू शकतं, आणि आडव्या दिशेने चित्राच्या कडेला थोडं जास्त. दोन प्रथिनं एकत्र आहेत की वेगळी, हा प्रश्न घेऊन निम्मं पेशीविज्ञान या खोलीत येतं. हिरवं प्रथिन लाल प्रथिनाच्या २०० नॅनोमीटर वर बसलेलं दिसलं, तर ते पेशीचं सत्य की भिंगाचं? मण्याला विचारल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. एका विद्यार्थिनीने सहा महिने जपलेला शोध मण्यांच्या एका स्लाइडने अर्ध्या तासात मोडला. ती रडली नाही. म्हणाली, “बरं झालं, रिव्ह्यूअरने सांगितलं नाही.” तो रंगांतला फरक मोजून तिने नंतर सगळी चित्रं दुरुस्त केली आणि उरलेलं अंतर खरं निघालं, जरा लहान, पण खरं.

मण्याचं म्हणणं ऐकलं नाही तर काय होतं, याची सगळ्यांत महागडी गोष्ट मायक्रोस्कोपची नाहीच. हबल दुर्बीण १९९० साली अवकाशात गेली आणि तिची चित्रं धूसर आली. तिच्या २.४ मीटरच्या आरशाच्या कडा सुमारे दोन मायक्रॉनांनी जास्त सपाट घासल्या गेल्या होत्या. निखळ गोलीय विपथन. आरसा तपासणाऱ्या मुख्य उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकलं होतं. गंमत ही, की इतर दोन साध्या तपासण्यांत चूक दिसली होती. पण मुख्य उपकरण अधिक अचूक मानलं जात असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष झालं. १९९३ साली अंतराळवीरांनी जाऊन हबलला एक प्रकारचा चष्मा लावला. आमच्या खोलीत हबलची दोन्ही चित्रं, आधीचं आणि नंतरचं, दाराशेजारी लावली आहेत.

अलीकडे असा चष्मा मायक्रोस्कोपलाही लावतात. खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉकने १९५३ साली सुचवलेली कल्पना, की वाकवता येणारा आरसा वापरून वाट चुकलेल्या लाटा सरळ कराव्यात, गेल्या पंचवीस वर्षांत जीवशास्त्रात आली आणि जिवंत मेंदूत खोलवर बघायला उपयोगी पडू लागली. दुसरीकडे डीकन्व्होल्यूशन: ठिपका कसा पसरतो ते मोजून, गणिताने तो परत गोळा करणं. दोन्हींवर या पुस्तकात एकेकच छोटं प्रकरण आहे, आणि ते मुद्दाम. मण्यातून मोजलेला खरा ठिपका न देता कल्पनेतल्या आदर्श ठिपक्यावर चालवलेलं डीकन्व्होल्यूशन चित्र सुंदर करतं आणि चूक लपवतं. कॉलरला कधी हात न लावणाऱ्या माणसाच्या हाती वाकणारा आरसा देण्यात मला अर्थ वाटत नाही.

हे मराठीत का लिहिलं, असं दोन-तीन जणांनी विचारलं. या खोलीत येणाऱ्यांपैकी निम्मी मुलं जिल्ह्याच्या, तालुक्याच्या कॉलेजातून आलेली असतात. इंग्रजी पेपर ती नीट वाचतात. पण यंत्रापाशी उभं राहून “शेपटी फिरली का गं?” असं विचारल्यावर जे झटकन कळतं ते इंग्रजीतून तितकं झटकन कळत नाही, आणि बिघाड शोधताना झटकन कळणं हाच सगळा खेळ आहे. शिवाय मायक्रोस्कोपच्या खोलीत जे खरोखर हाताने काम करतात, त्या तंत्रज्ञांसाठी कुणी काही लिहीत नाही. काकांनी इतकं शिकवलं, त्यांनी एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. नोंदवहीही ते मराठीतच लिहीत.

वाचायच्या क्रमाबद्दल एवढंच. पहिल्या प्रकरणात मण्यांची स्लाइड कशी करायची ते आहे: मणी पातळ करा, नीट ढवळा, थेंब कव्हरस्लिपवर वाळवा, स्लाइडवर नव्हे, आणि तुमच्या नमुन्याला जे माध्यम वापरता त्याच माध्यमात बसवा. ही स्लाइड करून झाली की पुस्तक मिटून ठेवा. दुसरं प्रकरण दुसऱ्या दिवशी उघडा. मधली रात्र माध्यमाला घट्ट व्हायला लागते.